डाव्या बाजूचा ब्रेक

जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण खुलासेरावांच्या संसारात तो मान सासऱ्यांकडे होता. हा ग्रह वर्षापूर्वी मावळला, तरी त्याची दृष्टी काही हटली नाही, असं खुलासेराव आजही शपथेवर सांगतात. शपथेचं त्यांना वावडं नाही, कारण लोकांना शपथेवर बोलायला लावणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग.

खुलासेराव हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासताना 'खुलासा असमाधानकारक' हा शेरा त्यांनी इतक्यांदा मारला होता, की कचेरीत आणि पुढे सोसायटीतही तेच नाव चिकटलं. 'ब्रेक लागले नाहीत' असं लिहून देणाऱ्या दावेदाराला तर ते मुळीच सोडत नसत. "लागले नाहीत, की लावले नाहीत?" असं चष्म्यावरून बघत ते विचारायचे, आणि समोरचा माणूस निर्दोष असला तरी घाबरून दोषी दिसू लागायचा.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. त्यांची ती छोटी पांढरी गाडी म्हणजे दोन ब्रेकची होती. एक ब्रेक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा डाव्या सीटपुढे, शिकवणाऱ्यासाठी. डावं पेडल दाबलं की आतल्या तारेने उजवंही खाली ओढलं जाई. उजवं दाबलं, तर डावं मात्र ढिम्म हलत नसे. सत्तेची ही वाटणी मास्तरांना पसंत होती.

खुलासेराव गाडी चालवायला बसले, की मास्तर न चुकता डावीकडे बसत आणि पाय पेडलवर ठेवत. चौकात समोर म्हैस दिसायच्या आत खुलासेरावांच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जाई आणि गाडी थांबे. "मी दाबणारच होतो," असं ते म्हणत. मास्तर त्यावर "हं" म्हणत. मास्तरांचं एकूण बोलणंच तेवढं. मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणालाही ते "हं"च म्हणाले होते, आणि तो होकार होता की नुसता श्वास, हे खुलासेरावांना लग्नाच्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

मास्तर गेले आणि गाडी लेकीच्या घरी, म्हणजे खुलासेरावांकडे आली. खुलासेरावांनी पहिला संकल्प सोडला तो डावं पेडल काढून टाकण्याचा. पण गाडी शिकवणीची म्हणून नोंदलेली. पेडल काढायला वाहतूक कचेरीची परवानगी हवी. तिथल्या कारकुनाने कागद उलटेपालटे करून सांगितलं, "मूळ मालकाला समक्ष हजर राहायला लागेल."

"मूळ मालक वारले."

"ते ठीक आहे. पण हजर राहायला लागेल."

खुलासेराव इतरांना असंच वागवत आले होते. तरीही स्वतःवर पाळी आली तेव्हा त्यांना फार लागलं. पेडल राहिलं ते राहिलंच.

आता मुख्य गोष्ट. खुलासेरावांच्या लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. गाव घाटापलीकडे. ती आजोबांची गाडी घेऊन एकटी जाणार होती, सोमवारी सकाळी. गाडीचे ब्रेक तपासून घ्यावेत, असं बायको म्हणाली. तिचं वाक्य एवढंच होतं, "गॅरेजमध्ये दाखवून आणा." पण त्यात खुलासेरावांना मास्तरांचा सूर ऐकू आला. आयुष्यभर ब्रेकचे दावे तपासणाऱ्या माणसाला ब्रेक कळत नाहीत, असा तो सूर होता. पोरगी घाट उतरणार, तिच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात कशाला लावायचा? ते स्वतः करणार होते.

केलंही. शनिवारी त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर काढले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला चिमटीत धरणारा लोखंडी जबडा. नवे पॅड घातले. इथवर सगळं ठीक होतं. पण हौसेला मोल नसतं. चांगल्या गाड्यांचे कॅलिपर लाल असतात हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून दोन्ही जबडे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडून त्यांना लाल रंग दिला आणि रविवारी सकाळी बसवून टाकले. गाडी ओठ रंगवून बसल्यासारखी दिसू लागली.

आता नळ्यांतून हवा काढायची बाकी होती. ब्रेक चालतो तो तेलाच्या दाबावर. तेलात हवा राहिली, तर पेडल दाबलं की हवाच दबते आणि गाडी पुढेच जाते. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा. फसफसत हवा येते. मग स्क्रू आवळायचा आणि पेडल सोडायचं. नवराबायकोंनी एकमेकांचं ऐकायचं, एवढीच अट. अट मोठी खरी.

जॅक लावताच सेक्रेटरी खाली उतरले. "खुलासेराव, आवारात वाहनदुरुस्तीला मनाई आहे. तुम्हीच सभेत ठराव मांडला होता."

होता खरा. शेजाऱ्याच्या स्कूटरवरून मांडला होता. आपल्याच ठरावाखाली सापडलेल्या माणसाला कुठे दाद मागायची सोय नसते. गाडी ढकलत फाटकाबाहेर काढावी लागली. बाहेरची गल्ली उताराची, आणि उताराच्या तळाशी मोठ्या गाड्यांचा हमरस्ता. खुलासेरावांनी चाकांखाली चांगले दगड लावले आणि उजव्या चाकाच्या कमानीत डोकं घालून आडवे झाले.

दुपार चांगली टळटळीत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खिडक्या बंद होत्या आणि सावल्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"दाब!"

"दाबलं," बायको आतून म्हणाली.

"सोड!"

"सोडलं. अहो, किती वेळ?"

"दाब!"

"दाबलं."

असं बराच वेळ चाललं. मग ते सरपटत डाव्या चाकाकडे गेले. हाताला लय सापडली होती. "दाब!" म्हणाले. उत्तर यायला किंचित उशीर झाला.

"हं."

पेडल खाली गेल्याचा करकर आवाज आला. स्क्रू सैल करताच तेल अगदी शिस्तीत आलं, जसं अजून एकदाही आलं नव्हतं. "सोड!" "हं." "दाब!" "हं." दाबणं असं, की आधी हलकेच टेकवावं आणि मग ठाम धरून ठेवावं. बायकोला आता जमायला लागलं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. "आता कसं! आधीच असं करायचं होतंस."

तेवढ्यात फाटकाकडून चपलांचा आवाज आला. बायको ताटलीत पाण्याचा तांब्या घेऊन येत होती.

"काय म्हणालात? मी आत गेले होते, फोन वाजला म्हणून. तुम्हाला ओरडून सांगितलं की मी."

खुलासेराव कमानीतून डोकं काढायला विसरले आणि ते दाणकन आपटलं. उठून त्यांनी गाडीत पाहिलं. आत कुणी नव्हतं. उजवं दार उघडं होतं, ते बायकोनेच टाकलेलं. मात्र डावी सीट सगळ्यात पुढच्या खाचेत आली होती. मास्तर बुटके. पाय पोचावा म्हणून ते सीट तिथे ओढून घेत. खुलासेरावांनी ती वर्षभर मागे ठेवली होती.

"ही सीट तू पुढे घेतलीस?"

"मी कशाला घेऊ?" बायकोने सीटकडे बघितलं.  पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझे अप्पा बसायचे तशीच आहे की हो."

"उतारावर घसरली असेल," खुलासेराव म्हणाले. हा खुलासा त्यांना स्वतःलाच असमाधानकारक वाटला. गाडीचं तोंड उताराकडेच होतं हे खरं, पण सीटचा खटका लोखंडी होता आणि तो बोटाने उचलल्याशिवाय सुटत नसे. त्यांनी सीट मागे सारली. हाताला ती कोमट लागली. ऊनही होतं म्हणा.

आणि इतकं करून ब्रेकचं पेडल लोण्यासारखं मऊ! पाय ठेवला की थेट तळाला. चार वेळा मारलं की जरा वर यायचं, क्षणभर थांबलं की पुन्हा बुडायचं. त्यांनी पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच. डबाभर तेल संपलं, दुसरा डबा आणला, तोही अर्धा झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

गल्लीत माणूस अडचणीत दिसला, की सल्ल्यांना पंख फुटतात. वरच्या मजल्यावरचे प्रयोगशाळावाले खाली आले, तेलाचा थेंब बोटावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "आर्द्रता." आणखी काही न बोलता ते वर गेले. समोरच्या काकू गॅलरीतूनच म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची गाडी अशी लगेच उघडून बसू नये हो. तिला अजून सवय असते." सेक्रेटरी हात मागे बांधून फेऱ्या घालत होते. त्यांनी निदान केलं, "मास्टर गेलाय." त्यांना ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर म्हणायचं होतं. पण फाटकाशी उभ्या बायकोचे डोळे भरून आले, आणि ती घरात निघून गेली.

खुलासेराव एकटेच राहिले. त्यांना उगीच वाटत होतं की डाव्या काचेतून कुणीतरी त्यांचं काम बघतंय. मास्तर बघायचे तसं, नाक न मुरडता, काही न बोलता. "एवढं कळतं तर सांगा की!" ते एकदम ओरडले. काकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

शेवटी त्यांनी ठरवलं, की पेडल थोडं मऊ असायचंच. जुनी गाडी. चार वेळा मारलं की लागतो ना ब्रेक? पोरीला तसं सांगून ठेवू. मनातल्या मनात त्यांनी ही फाइल बंद केली. त्यांच्या टेबलावर अशी फाइल आली असती, तर त्यांनी त्या माणसाला उभा जाळला असता. हे त्यांना कळत होतं. पण उजेड उतरणीला लागला होता, कंबर दुखत होती आणि 'गॅरेजला न्या' हे शब्द तोंडातून निघायला तयार नव्हते. चाकं बसवून, जॅक काढून ते हात धुवायला घरात गेले.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. सेक्रेटरींनी खालूनच हाक मारली, "गाडी बाजूला घ्या!" लेक बॅगा भरता भरता पळत खाली गेली. कामसू पोर. तिने चाकांखालचे दगड काढले, आत बसली, हँडब्रेक सोडला. खुलासेराव ओल्या हातांनी खिडकीत आले, तेव्हा गाडी उताराला लागली होती.

"थांब!" ते ओरडले. आवाज कुठल्या कुठे गेला. जिना ते कसे उतरले ते त्यांना आठवत नाही. फाटकातून बाहेर आले तेव्हा गाडी वेग घेत होती, पुढे हमरस्त्यावरून ट्रक एकामागून एक जात होते, आणि आतून लेकीचा आवाज येत होता, "बाबा, लागत नाहीये! बाबा!"

तो आवाज त्यांनी अजून कुणाला सांगितलेला नाही. ते उताराने धावत सुटले. गेल्या कित्येक वर्षांत ज्यांना ज्यांना त्यांनी "लागले नाहीत, की लावले नाहीत?" असं विचारलं, ती सगळी माणसं दोन्ही भिंतींशी ओळीने उभी राहून बघताहेत, असं त्यांना वाटलं. कुणी काही विचारत नव्हतं.

आणि गाडी थांबली. सरकत, घसटत नाही. चौकात म्हैस दिसली की थांबायची तशी, ठाम.

खुलासेराव पोचले. लेकीचे दोन्ही पाय सीटवर ओढून घेतलेले, हात स्टिअरिंगला घट्ट. "मी पाय उचलला होता, बाबा," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "पुन्हा मारायला म्हणून उचलला. तर ते पेडल आपलं आपणच खाली गेलं."

त्यांनी वाकून पाहिलं. हँडब्रेक सुटाच होता. डावी सीट सगळ्यात पुढच्या खाचेत होती, आणि डावं पेडल तळाशी दाबलेलं होतं. ज्या ब्रेकमध्ये दिवसभर जीव नव्हता, तो दगडासारखा धरून बसला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला. खटका बसला. तेव्हा कुठे डावं पेडल हळूच वर आलं, एखाद्याने खात्री करून घेऊन पाय उचलावा तसं.

वाहतूक कचेरीची अट पुरी झाली होती. मूळ मालक समक्ष हजर होते.

गाडी ढकलत पुन्हा फाटकाशी आणली, चाकांखाली दगड लावले, आणि घरी आल्यावर खुलासेराव पलंगावर पालथे पडले. कंबर धरली होती, पण ते निमित्त. त्यांना कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. बायको रागावली असती तर बरं झालं असतं.  ती तर गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन पलंगाशी बसली आणि बूच लावण्याआधी पिशवी दाबू लागली.

"हे काय करतेस?" उशीत तोंड खुपसूनच त्यांनी विचारलं.

"हवा काढतेय. नाहीतर फुगते आणि कमरेला नीट बसत नाही."

खुलासेरावांनी मान वळवली. तिने पिशवी उभी धरली होती, तोंड वर. पोट दाबलं की तोंडातून आधी हवा आली, मग पाणी काठाशी आलं.

"उलटी धरली तर?"

"तर काय, पाणी सांडेल आणि हवा वर जाऊन बसेल. तोंड वर धरल्याशिवाय हवा जाते होय कधी? लहान मुलासारखं काय विचारताय?"

खुलासेराव ताडकन उठले. कमरेने केलेला निषेध त्यांनी ऐकलाच नाही. खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात त्यांनी लाल जबड्यांकडे बघितलं. दोन्हींचे स्क्रू खालच्या अंगाला होते. वर्तमानपत्रावर जुळ्या भावांसारखे शेजारी पडलेले कॅलिपर त्यांनी उलटसुलट बसवले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. दिवसभर खालच्या तोंडाने तेल काढलं गेलं, आणि हवा आपली वर आरामात बसून होती. एका रंगाच्या डब्यापायी.

ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठी भीती वाटली, झाल्या गोष्टीची नव्हे, न झालेल्या गोष्टीची. उद्या घाट होता. घाटात आपण खिडकीतसुद्धा नसतो.

दिवेलागणीला दोन्ही कॅलिपर आपापल्या बाजूला बसवले. कुणी सल्ला दिला नाही. सेक्रेटरींनी तर न बोलता आवारातला दिवा फाटकापर्यंत ओढून दिला. बायको उजव्या सीटवर बसली. खुलासेराव आडवे झाले. त्यांनी घसा साफ केला.

"दाबा."

 "मला कधीपासून अहो-जाहो?" बायको म्हणाली.

"तू पण दाब," खुलासेराव म्हणाले.

बायकोने डावीकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. हवा अशी फसफसत निघाली, की दोन्ही चाकांपाशी तेलाला फेस आला. मग नुसतं स्वच्छ तेल आलं. पेडल पायाखाली लाकडाच्या पाटासारखं घट्ट झालं. खुलासेरावांनी स्वतः गल्ली वर-खाली करून पाहिली, दहादा थांबून पाहिली. तरीही सोमवारी पहाटेच गाडी गॅरेजला नेऊन दाखवली. गॅरेजवाला म्हणाला, "चांगलं केलंय, साहेब. हे डावं पेडल काढून देऊ का? कचेरीचं बघून घेतो मी."

"नको," खुलासेराव म्हणाले. हा शब्द आपल्याच तोंडातून आला याचं त्यांना नवल वाटलं नाही.

लेक निघाली तेव्हा आईने पोरीच्या गालावरून हात फिरवला, पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं, मग घाटात हळू जा म्हणून सांगितलं, आणि मग पुन्हा फोनचं सांगितलं. काकू गॅलरीत होत्या. खुलासेरावांना बरंच काही सांगायचं होतं. ते त्यांनी रात्रभर मनात जुळवलं होतं, पण पोरीने हँडब्रेकला हात घातला आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. आपण तिच्याबरोबर जाऊ शकत नाही, एवढंच काय ते मनात उरलं.

ते गाडीला वळसा घालून डावीकडे गेले आणि त्यांनी डावं दार उघडलं. लेकीला वाटलं, काहीतरी ठेवायचं राहिलं. पण ते दार धरून नुसते उभे राहिले, जरा बाजूला सरकून, वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तसे.

"बसा, मास्तर," ते पुटपुटले.  "माझ्याने एवढंच झालं. पुढचं तुम्ही बघा."

"बाबा, दार लावा ना. कुणाची वाट बघताय?"

"लावतो, लावतो. घाई काय आहे?"

गाडी डाव्या अंगाला किंचित दबली. खुलासेरावांनी आणखी थोडा धीर धरला, आणि मग आतल्या कुणाचं काही अडकणार नाही अशा बेताने दार लावलं.